वळण रस्ता

सार्वजनिक बांधकाम खात्यात 31 वर्षं नोकरी केली. रस्त्याखालच्या मोऱ्या बांधल्या, घाटातल्या दरडी उपसल्या, पावसात वाहून गेलेले साकव, म्हणजे ओढ्यावरचे छोटे पूल, पुन्हा उभे केले. निवृत्तीनंतर हाती आलेलं पहिलं काम मात्र जेमतेम 25 मीटर लांबीचं होतं. साहित्य: रेषा आखायची पांढरी फक्की एक पिशवी, सुतळी दोन तोडे, लिमलेटच्या गोळ्या एक बरणी. बाकी सगळं गावातलं आणि फुकटचं. मंजुरी तोंडी मिळाली, कारण मंजुरी देणारा अधिकारी घरातच होता.

आमची ही गावात अंगणवाडी सेविका आहे. गुहागर तालुक्यातलं आमचं गाव सात वाड्यांचं. अख्खा गाव तिला बाई म्हणतो, दारात आलेला माणूसही ‘बाई आहेत का?’ असंच विचारतो, तेव्हा या लेखापुरतं मीही बाईच म्हणतो. तर बाई एकदा जेवताना म्हणाल्या, ‘‘अहो, यंदा सव्वीस जानेवारीला संगीत खुर्ची नको वाटतेय मला.’’

का, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. संगीत खुर्चीत सगळ्यात आधी बाहेर कोण जातं? ज्याला खेळ सगळ्यात कमी जमतो ते पोर. म्हणजे ज्याला खेळायची सगळ्यात जास्त गरज, त्याला सगळ्यात कमी खेळायला मिळतं. मग ते कडेला आईच्या पदरात तोंड खुपसून बसतं आणि उरलेला प्रजासत्ताक दिन तिथेच काढतं. लिंबू-चमच्याचं म्हणाल तर तीन वर्षांचं मूल लिंबू सरळ मुठीत धरतं, चमचा फेकतं आणि धावतं. त्याच्या दृष्टीने तेच शहाणपणाचं आहे.

‘‘अडथळ्यांची शर्यत करूया?’’ मी म्हटलं. हे वाक्य मी का बोललो याचं उत्तर माझ्याकडे नाही. बहुधा फार दिवसांत टेप हातात धरली नव्हती.

अंगणवाडीचा पट 19. पूर्वी चाळिसाच्या वर असायचा. आता घरटी एक तरी बिऱ्हाड मुंबईला, नालासोपाऱ्याला नाहीतर दिव्याला. वयं तीन ते सहा. मी आलेखाच्या कागदावर आराखडा काढला. सरळ रेषा, दोन पट्टे, पाच अडथळे. अडथळे मात्र बाहेरून काही आणायचे नाहीत, हे मी ठरवलं होतं. त्याचं कारण काटकसर नव्हे. टायर आणि प्लास्टिकच्या रिंगा शहरातल्या शाळांत ठीक. इथे माणसाला घरून रस्त्यापर्यंत यायचं तरी चार अडथळे ओलांडावे लागतात. वाडीतून खाली उतरणारी जांभ्या दगडांची पाखाडी, पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, सुपारीच्या खोडांचा साकव, आगराचं बेडं, हद्दीचा दगडी गडगा. आमच्या लहानपणी या सगळ्यातून गेल्याशिवाय शाळा लागायचीच नाही. आता साकवाच्या जागी मीच बांधलेली पाइपमोरी आहे, आणि पोरं रिक्षातून किंवा बापाच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसून येतात. म्हणजे तसं पाहिलं तर अडथळे काढून टाकायचा पगार मी 31 वर्षं घेतला होता, आणि आता तेच अंगणवाडीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडत होतो. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘मग निवृत्तिवेतन परत करा.’’

पहिला अडथळा बेडं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: दोन खांबांना भोकं पाडून त्यांत आडव्या काठ्या सरकवलेल्या असतात. माणूस काठ्या सरकवून जातो, गुरं अडतात. पोरं मात्र काठ्या सरकवत नाहीत, खालून सरपटतात किंवा मधून घुसतात. मी तीन काठ्यांचं बुटकं बेडं केलं आणि काठ्यांमध्ये वीतभर अंतर ठेवलं. रात्री झोपताना आठवलं आणि उठून बसलो. लहान मुलाचं अंग जिथून जातं तिथून डोकं जातंच असं नाही. पाय, कंबर, खांदे आरामात पलीकडे जातात आणि मान अडकून पोर लटकतं. खेळाच्या मैदानांच्या सुरक्षेचे नियम याच कारणासाठी सांगतात की फट एक तर 9 सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवा, नाहीतर 23 पेक्षा जास्त. मधलं काही नको. माझी वीत 21 सेंटीमीटर भरते. म्हणजे मी नेमका सापळाच बांधला होता. सकाळी मधली काठी काढूनच टाकली.

दुसरा साकव. सुपारीची दोन पडकी खोडं शेजारी शेजारी बांधून, दोन्ही टोकांना एकेक चिरा आडवा ठेवून त्यावर टेकवली. उंची एक चिरा, म्हणजे वीतभरही नाही. चिऱ्याच्या कडा खरचटवतात म्हणून त्यांना गोणपाट गुंडाळलं. सुपारीचं खोड दिसायला सरळ आणि निरुपद्रवी, पण दवाने ओलं झालं की त्यावरून मांजरसुद्धा नीट जात नाही. जानेवारीत आमच्याकडे नऊ वाजेपर्यंत दव असतं. तेव्हा झेंडावंदन आठला असलं तरी खेळ साडेनऊच्या आधी नाहीत, हे मी बाईंकडून लेखी घेतलं.

तिसरा बोगदा. माणगा बांबूच्या कामट्या वाकवून दोन्ही टोकं जमिनीत रोवली आणि वर बाईंची जुनी लुगडी टाकली. पोरांनी त्याचं नाव ‘करबुडे’ ठेवलं. कोकण रेल्वेचा सगळ्यात लांब बोगदा, साडेसहा किलोमीटरचा, रत्नागिरीच्या अलीकडे. मुंबईहून शिमग्याला रत्नागिरीच्या बाजूला जाणारी पोरं त्या बोगद्यात गाडी शिरली की किती आकडे मोजून होतात याच्या पैजा लावतात. माझा करबुडे तीन मीटरचा होता. तालीम घेतली तेव्हा पहिलं पोर तोंडाशी गेलं, वाकलं आणि परतलं. दुसरंही तसंच. मग मी स्वतः गुडघ्यावर बसून आत डोकावलो तेव्हा कळलं की लुगडं मधोमध लोंबत होतं आणि पलीकडचा उजेड दिसतच नव्हता. कामट्या वाढवल्या, लांबी दोन मीटरवर आणली. आता आत डोकावलं की पलीकडे बाईंची पावलं दिसायची. मग करबुडेत गर्दी.

चौथा गडगा, म्हणजे पेंढा भरलेल्या पोत्यांची कमरेइतकी उतरंड. पाचवी पोत्यातली उडी. पेंढ्याबद्दल एवढंच सांगतो की त्याची कूस अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते, त्यामुळे पोती दुहेरी हवीत. आणि अंगणातल्या आंब्याला दोर टांगून झोका घेत ओलांडायचा सहावा अडथळा मी आखला होता तो रद्द झाला. दोर बांधायला वर चढलो आणि हुमल्यांनी मानेला, कानाला आणि जिथे सांगता येत नाही तिथे चावे घेतले. ही तांबडी मुंगी पानं शिवून घर करते आणि घराचं रक्षण कसं करावं हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

एवढी तयारी, आणि पहिल्या वर्षी सगळं फसलं.

मी शिट्टी आणली होती. एका वेळी दोघं सोडायची, जो आधी पोचेल तो पुढच्या फेरीत. जिंकणाऱ्याला स्टीलचा डबा. शिट्टी वाजली आणि पहिल्या जोडीतलं एक पोर दचकून रडायला लागलं. दुसरं धावलं, बेड्याखालून गेलं, साकवावर चढलं आणि मध्यावर थांबून लोकांकडे बघत उभं राहिलं. इतकी माणसं आपल्याकडे बघतायत हे त्याला फार आवडलं असावं. तो हलेना. मागच्या जोडीला मी सोडलं, कारण वेळ चालला होता. ती दोघं येऊन साकवापाशी तुंबली. ‘‘धाव रे!’’ ‘‘अरे उतर!’’ दोन्ही कडांनी आया, आज्या, मुंबईहून आलेले काके ओरडायला लागले. एका आजीने सरळ मैदानात उतरून नातवाला काखोटीला मारलं, गडग्यापलीकडे नेऊन ठेवलं आणि ‘‘झाला आमचा पयला नंबर’’ असं जाहीर केलं. त्यावरून दुसऱ्या आजीशी बोलाचाली झाली. तिकडे रांगेत उभी असलेली अकरा पोरं कंटाळून फक्कीच्या रेषा हातापायांना फासत बसली होती. माझा दुसरा पट्टा तर पार पुसला गेला. जिंकलेल्या मुलाने डबा घेतला, आणि मग बाकीच्या अठराजणांना डबा का नाही यावर जे रडणं सुरू झालं ते ऐकून शाळेचे गुरुजी वर्गातून बाहेर आले.

संध्याकाळी पोती आवरताना मी बाईंना म्हटलं, ‘‘पोरांना शिस्त नाही.’’

बाई पेंढा झटकत होत्या. म्हणाल्या, ‘‘तुम्ही मोरीचं काम काढता तेव्हा आधी काय करता?’’

‘‘आखणी.’’

‘‘त्याच्या आधी?’’

मी गप्प बसलो. खात्यातला कालचा मुकादमही हे सांगेल. रस्ता खणायच्या आधी बाजूने वळण रस्ता काढायचा. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, दोन्ही बाजूंना फलक लावायचे, आणि मगच मूळ रस्त्याला हात घालायचा. कारण एसटी थांबता कामा नये. आजारी माणसाची गाडी थांबता कामा नये. 31 वर्षांत वळण रस्ता काढल्याशिवाय मी एक मोरी उघडली नाही, आणि तीन वर्षांच्या पोराला मात्र मी सरळ रेषेत उभं करून सांगितलं होतं, हाच रस्ता, जमत असेल तर पुढे जा.

त्या वर्षभरात मी बरंच वाचलं. बाईंच्या कपाटात जुनी प्रशिक्षणाची पुस्तकं होती. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, एवढं शाळेत वाचल्यासारखं आठवत होतं. पण ‘अंगणवाडी’ या शब्दाचा अर्थ मी कधी नीट ऐकला नव्हता. वारली पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच उठून पाड्यावर, त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा, तिचं नाव कुरणशाळा. शिकवायला साधनं कुठली? शिंपले, बिया, पानं, खडे. 1975 च्या 2 ऑक्टोबरला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. माझं बेडं आणि साकव बघून मला स्वतःचंच जे कौतुक वाटत होतं, ते पुस्तक वाचून जरा उतरलं. ते काम या माणसांनी माझ्या जन्माआधी करून ठेवलं होतं. फक्त मी उलटं केलं होतं: साहित्य अंगणातलं घेतलं आणि पोरांना मात्र माझ्या आलेखाच्या कागदावर बोलावलं.

दुसरी गोष्ट मुलाने पुण्याहून फोनवर पाठवली. लोखंडी नळ्यांचा चौकोनी पिंजरा, ज्याला बागेत जंगल जिम म्हणतात, तो अमेरिकेतल्या सेबॅस्टियन हिंटन नावाच्या वकिलाने 1920 च्या सुमारास काढला. पण मूळ कल्पना त्याच्या वडिलांची. ते गणिती. जपानमध्ये राहत असताना त्यांनी मुलांसाठी बांबूचा पिंजरा बांधला, कशासाठी, तर पोरांच्या अंगात तिन्ही दिशा मुराव्यात म्हणून. प्रत्येक दिशेच्या बांबूंना आकडे दिले आणि खाली उभं राहून ओरडायचं: क्ष दोन, य चार, झ तीन, पळा! की पोरांनी त्या सांध्यावर पोचायचं. हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. बांबू आमच्याकडे परसात. दुसऱ्याच दिवशी माणग्याच्या काठ्या तोडून तीन फूट उंच पिंजरा बांधला, तिन्ही दिशांना तीन रंगांच्या चिंध्या. शेजारच्या दोन पोरांना बोलावून ओरडलो, ‘‘लाल दोन, हिरवी एक!’’ ती दोघं पिंजऱ्यात शिरून म्हणाली, ‘‘आम्ही पोपट.’’ त्या वकील सेबॅस्टियनचीही लहानपणची तीच आठवण आहे म्हणतात. आकड्यांपेक्षा माकडासारखं लोंबकळण्यातच त्यांना गोडी होती. बाप माणसाने केलेल्या कल्पनेचं पोरं काय करतात, हे जपानात आणि गुहागरात सारखंच निघालं. पिंजरा मी ठेवला. नाव पोपटाचं घर.

दुसऱ्या वर्षीचा आराखडा बाईंनी माझ्यासमोर बसून करवून घेतला. पहिली दुरुस्ती: सरळ रेषा बाद, गोल रिंगण. गोलाला सुरुवात नसते, त्यामुळे रांग नाही. ज्याला जिथून वाटेल तिथून आत शिरावं. हे मला लगेच पटलं. रस्त्यावरून ताशी किती वाहनं जातील हे रस्त्याच्या रुंदीवर नाही तर त्यावरच्या सगळ्यात अरुंद पुलावर ठरतं, आणि माझ्या पट्ट्यातला अरुंद पूल म्हणजे साकव. एकेका पोराला दोन मिनिटं धरली तर 19 पोरांना 38 मिनिटं, आणि शेवटच्याने 36 मिनिटं नुसतं उभं राहायचं. चार वर्षांच्या मुलाला 36 मिनिटं उभं करून पाहा. रिंगणात एकाच वेळी सगळी खेळतात आणि साकवाशी गर्दी झाली तर पोरं आपणच पोपटाच्या घराकडे वळतात. हे गणित बाईंनी आकड्यांशिवाय केलं होतं, एवढाच फरक.

दुसरी: शिट्टी घरी. तिसरी: नंबर नाही, डबा नाही, शेवटी सगळ्यांना गोळी. मुंबईच्या एका काकाने विचारलं, मग शर्यत कसली? त्याला बाईंनी पोती धरायला लावलं.

चौथी दुरुस्ती पायऱ्यांची. पाखाडीसारख्या चार चिऱ्यांच्या पायऱ्या मी वाढवल्या होत्या, चढ आणि उतार. बाई म्हणाल्या, चढ ठेवा, उताराची रुंदी दुप्पट करा. साधारण तीन वर्षांचं मूल एका पायरीवर एक पाय टाकत चढतं, पण उतरताना तसंच करायला त्याला आणखी वर्षभर लागतं. तोवर ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणतं. तेव्हा पायरी तेवढी मोठी हवी. मी घाटांचे उतार काढलेला माणूस. वाहनाला चढापेक्षा उतार धोक्याचा हे मला ठाऊक होतं.

आणि पाचवी, प्रत्येक अडथळ्याशेजारून फक्कीने आखलेली दीड फुटाची वाट. बेड्याच्या बाजूने, साकवाच्या बाजूने, करबुडेच्या बाजूने. वळण रस्ता. मी गंमत म्हणून पुठ्ठ्यावर बाण काढून लावला आणि खाली खात्यातल्यासारखं लिहिलं, ‘वळण घ्या’. पोरांना वाचता येत नव्हतं, बापांना येत होतं. ते हसले, तेवढं पुरे.

चौथीतली पाच मुलं मदतीला घेतली. त्यांना बाईंनी आदल्या दिवशी उभं करून शिकवलं. पडणाऱ्याचा हात धरायचा नाही. आपला हात पुढे करून नुसतं उभं राहायचं. त्याला हवा असेल तर तो धरेल. एका मुलाने विचारलं, ‘‘आणि नको असंल तर?’’ ‘‘मग तुझा हात मोकळा,’’ बाई म्हणाल्या.

त्या वर्षी कसं झालं हे सांगायला बसलो तर तासभर लागेल. थोडक्यात, मी आखलेला क्रम एकाही पोराने पाळला नाही. दोघं करबुडेतून उलटी आली आणि मध्ये एकमेकांना भेटून तिथेच गप्पा मारत बसली. लुगड्याला दोन डोक्यांचे फुगवटे आले होते. एकाने सगळा वेळ पोत्याच्या शिवणीतून पेंढ्याची एकेक काडी उपसण्यात घालवला. मागच्या वर्षी साकवावर थांबलेला पोरगा पुन्हा साकवाच्या मध्यावर थांबला, पुन्हा लोकांकडे बघत. यंदा त्याला कुणी हाकललं नाही. मागून येणारी बाजूच्या वाटेने त्याला वळसा घालून गेली आणि पुढे पुन्हा रस्त्याला लागली. तो किती वेळ उभा होता कोण जाणे. एसटी थांबली नाही.

पण मला सांगायचंय ते एका मुलीबद्दल. पाच पूर्ण, जूनमध्ये पहिलीत जाणारी, अंगाने मजबूत. पट्टीची धावणारी. तिने पहिल्या अडथळ्यापाशी येऊन बेड्याकडे पाहिलं, वाकून खालून पाहिलं, आणि बाजूच्या वाटेने गेली. साकवाच्याही बाजूने. पायऱ्यांच्या, करबुडेच्या, गडग्याच्या, सगळ्यांच्या बाजूने. फेरी पूर्ण झाली की पुन्हा दुसरी. तिची आजी कडेला कपाळ बडवत होती. ‘‘एवढी पाचाची झाली नि हिला उडी मारवत नाय! अगो, त्या बारक्या मारतायत बघ!’’ आई काही बोलत नव्हती, फक्त पदराशी चाळा करत होती, आणि ते मला जास्त लागलं. माझ्या मनात आलं, हाक मारावी, एकदा तरी चढ म्हणावं. पाऊल उचललंही. बाईंनी लांबूनच माझ्याकडे असं पाहिलं की मी फक्कीची पिशवी हातात घेऊन रेषा नीट करत असल्याचं नाटक केलं.

चौथ्या फेरीला तिच्या हातात विरी आली. पोफळीची वाळलेली झावळी गळते तेव्हा तिच्या बुंध्याला जे रुंद, खोलगट आवरण असतं ती विरी. पोरं तिच्यावर बसतात आणि दुसरं कुणीतरी झावळीचा शेंडा धरून ओढतं; कोकणात वाढलेल्या प्रत्येकाच्या ढुंगणाला या गाडीची आठवण असते. खेळ संपल्यावर सगळ्यांना ओढायला म्हणून मी चार विऱ्या कुंपणाला टेकवून ठेवल्या होत्या. तिने त्यातली एक उचलली आणि बाजूच्या वाटेने ओढत निघाली. खरखर खरखर आवाज सगळ्या खळ्याने ऐकला. पुढच्या फेरीला एक तीन वर्षांचं पोर, जे सकाळपासून आईच्या कडेवरून उतरलं नव्हतं, ते आपणहून उतरलं आणि विरीवर जाऊन बसलं. तिने वळून पाहिलं, शेंडा दोन्ही हातांत धरला आणि पाठ वाकवून ओढायला लागली. सगळ्या अडथळ्यांच्या बाजूने, वळणावर विरी तिरकी होते तिथे थांबून, पोराला नीट बसवून, पुन्हा. तीन वर्षांच्या पोराचं वजन ती ओढत होती आणि आजी म्हणत होती, हिला उडी मारवत नाय.

मग काय, बाजूच्या वाटेला गर्दी. बाकीच्या तीन विऱ्याही गेल्या. अर्ध्या तासाने माझे सगळे अडथळे जवळजवळ ओस पडले आणि दीड फुटाच्या वळण रस्त्यावर वाहतूक कोंडी. फक्कीच्या रेषा तर कधीच पुसल्या गेल्या होत्या. मुंबईचा काका पोतं धरून एकटाच उभा होता.

तिने त्या दिवशी एकही अडथळा ओलांडला नाही. शेवटी गोळी घेतली, बाईंना ‘‘उद्या पण आहे?’’ असं विचारलं आणि आजीच्या पुढे पळत पाखाडीच्या पायऱ्या दोन दोन करत चढून गेली. मला ते पाहून गंमत वाटली, थोडा रागही आला. माझ्या पायऱ्यांना काय झालं होतं? आजतागायत मला कळलेलं नाही, आणि बाई म्हणतात, विचारू नका.

यंदा पट 17. आदल्या संध्याकाळी मी खळ्यात आखणी करत होतो. दोरी ताणून, डब्याला भोकं पाडून त्यातून फक्की सोडत. बाई आत गोळ्या मोजत होत्या. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळलो तर ती. आता पहिलीत. दोन वेण्या, पायात शाळेचे बूट. मदतीला यंदाही चौथीचीच मुलं घेतली होती, हिला कुणी बोलावलं नव्हतं. ती काही न बोलता बाजूच्या वाटेवर जाऊन उभी राहिली, फक्कीच्या दोन रेषांच्या मध्ये, आणि खाली बघत राहिली.

‘‘काय गो बाय?’’

‘‘ही बारकी केलात.’’

‘‘मागच्या वेळी एवढीच होती. दीड फूट.’’

‘‘तेव्हा मी एकटी होते.’’ तिने दोन्ही हात बाजूला पसरून दाखवले, एक रेषेच्या आत, एक बाहेर. ‘‘विरी वळत नाय इथे. आणि आता दोघं जातात. एक ओढतो, एक बाजूनं धरतो.’’

मी टेप काढली. तिने एक टोक धरलं आणि मी सांगायच्या आधीच ते जमिनीला टेकवून पायाने दाबलं. तीन फूट धरले. वळणावर आणखी अर्धा फूट वाढवावा लागला, कारण विरीचं मागचं टोक वळणाच्या आतल्या बाजूने जातं. लांब ट्रेलरचं घाटात हेच होतं. त्यासाठी साकव हातभर आत सरकवावा लागला आणि पोपटाचं घर उचलून पार आंब्याखाली न्यावं लागलं. तिने जुन्या रेषा बुटाने पुसल्या. फक्की कमी पडली तेव्हा चुलीतली राख चाळून घेतली.